हात मोजताना

१ जानेवारी

—आणि अध्यक्षपदाची काठी हातात घेताना देल्फिनो रडला! सगळ्या गावासमोर. मावळत्या अध्यक्षाने काठीला ओठ लावले, ती त्याच्या हातात दिली, आणि त्याचा चेहरा एकदम विरघळला. बँडवाल्यांचा सूर चुकला. कुणी हसलं नाही.

भाषण माझं होतं. वाक्य न् वाक्य मी लिहिलेलं. गावकचेरीच्या पडवीत बायकांच्या घोळक्यात उभी राहून मी पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते, परीक्षेला मुलाच्या मागे उभ्या राहिलेल्या मास्तरणीसारखी. ‘ज्या बाईने गावाचा रस्ता खणला तिचा हात गावसभेत मोजला जाईल. पहिल्या सभेत. पहिला विषय.’ त्याने एक शब्दही गाळला नाही.

कोमाद्रे सेनाइदाने मला कोपर मारलं. (तिच्या मुलीची मी धर्ममाता. तेव्हापासून ती मला कोमाद्रे, मी तिला कोमाद्रे.) “ऐकलंस? रस्ता खणला म्हणाला. म्हणजे मीच की!”

खरंच तीच. नवरा दरीत पडून मेल्यापासून तेकियोच्या दिवशी ती पुरुषांच्या ओळीत फावडं घेऊन उभी असते. गावाचं काम बिनपगारी, दर घरातून एक माणूस; तिच्या घरातून ती. हजेरीला नाव मात्र अजून नवऱ्याचं पुकारतात. ‘फिदेन्सियो!’ आणि ही म्हणते, ‘हजर.’

देल्फिनोला निवडून आणलं कुणी? सभेत हात पुरुषांचे वर झाले. पण त्याआधी सगळा पाऊसकाळ मी आणि त्याची बायको एर्मेलिंदा चिखल तुडवत घरोघर फिरलो. एकेका बाईला सांगितलं, नवऱ्याशी बोल. बायका बोलल्या. काही जणी भांडल्या. एकीने आठवडाभर तोर्तिया थापल्या नाहीत.

आज झोप येणार नाही. आपला माणूस! पहिल्यांदा!

२ जानेवारी

घसा बसलाय. कशाने? काल बोलला तर तो.

१४ जानेवारी

पहिली गावसभा. पहिला विषय, पाण्याची टाकी. दुसरा, मोकाट मेंढ्या. तिसरा, जत्रेला शेजारच्या गावचा बँड बोलवायचा की नाही. त्यावर सर्वांत जास्त वेळ.

आम्ही बाहेर पडवीत, खिडकीखाली. धुकं एवढं की समोरचं चर्च दिसत नव्हतं. खिडकी उंच आहे, आतले चेहरे दिसत नाहीत, आवाज तेवढे येतात. कॉफीची किटली फिरत होती. प्रत्येक विषय संपला की बायका माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, आता.

मग बाकडी सरकल्याचा आवाज. सभा संपली.

देल्फिनो बाहेर आला तो थेट माझ्याकडे. “ओती, विषय कागदावर होता. वेळ उरला नाही.”

“पहिला होता.”

“पहिला म्हणजे महत्त्वाचा, असं. क्रमाने पहिला असं नाही.”

“मग मेंढ्या काय?” सेनाइदा मागून.

तो हसला. चांगला हसतो तो. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पुढच्या सभेत, कोमाद्रे.” ती त्याची कोमाद्रे-बिमाद्रे काही नाही.

परतताना मी त्याची बाजू घेतली. नवा आहे. म्हाताऱ्यांना एकदम दुखवलं तर सगळंच अडेल. बायका ऐकून घेत होत्या. बाई म्हणतात म्हणजे असेल. मला सगळं गाव बाई म्हणतं. निम्म्या गावाला मी शाळेत शिकवलंय, आणि शिकवलेली माणसं विश्वास लवकर ठेवतात.

२ फेब्रुवारी

देल्फिनोकडे तामाले खायला, कणसाच्या पानात उकडलेले मक्याचे उंडे. या दिवशी अध्यक्षाच्या घरी सगळं गाव जेवतं. एर्मेलिंदा तीन चुलींच्या मध्ये उभी, डोळे लाल. काठी नवऱ्याला मिळते, वर्षभर कचेरीच्या सगळ्या पंचांना जेवू घालायचं काम बायकोला मिळतं. त्याची शपथ कुणी घेत नाही.

मी कणसाची पानं धुवायला बसले. ती हळूच म्हणाली, “त्याला जरा वेळ दे, ओतिलिया. रात्री नीट झोपत नाही तो.”

“तू?”

“मी कधी झोपायची? पाचला मका दळायचा असतो.”

देल्फिनोने मला परसात नेलं. राजधानीतून एक साहेब आला होता म्हणे. डांबरी रस्त्याची फाइल त्याच्या टेबलावर आहे. तो म्हणाला, तुमच्या गावात शांतता आहे हे बघून बरं वाटलं. शांत गावांची कामं लवकर होतात.

“म्हणजे?”

“म्हणजे आधी रस्ता. मग हात. रस्ता आला की सगळे खूश असतील, मग कोण नाही म्हणेल? आणि मी समिती नेमतोय. बायकांच्या सहभागाची. अध्यक्ष तू.”

“समितीला सभेत मत आहे?”

“अहवाल देता येईल.”

“आत येऊन?”

“चिटणीस वाचून दाखवेल.”

कोंबडा आरवत होता, भर दुपारी. मी म्हणाले, देल्फिनो, शहरातल्या आंदोलनात पोलिसांच्या अश्रुधुरातून पळालो तेव्हा एक ओली ओढणी आपण फाडून वाटून घेतली होती. तो म्हणाला, आठवतं ना. म्हणूनच सांगतोय, घाई करू नकोस.

म्हणूनच?

माझे तामाले मी खाल्ले नाहीत. पानात बांधून आणले. कुत्र्याने खाल्ले.

३ फेब्रुवारी

समितीला नाही म्हणून कळवलं. एका ओळीत. मला भाषणं लिहायची सवय आहे. एक ओळ लिहायला सकाळ गेली.

११ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दुसरी सभा. आज खिडकीखाली थांबले नाही. दाराशी गेले, उंबऱ्यावर उभी राहिले. आत नाही, बाहेर नाही. आत मेंढ्यांचाच विषय पुन्हा. मी मोठ्याने म्हणाले, “अध्यक्ष, एक वचन राहिलंय.”

सगळ्या टोप्या वळल्या. देल्फिनो म्हणाला, “बाई, सभा चालू आहे.”

बाई म्हणाला! ओती नाही.

मी बोलले. भाषण नव्हतं. कायदा होऊन किती काळ झाला, राजधानीत, देशात सगळीकडे बायका मत देतात. इथे देत नाहीत कारण इथे रिवाज आहे. ठीक. मग रिवाजाला विचारते. रस्ता खणायला सेनाइदा चालते, हात वर करायला का चालत नाही?

तात आबुन्दियो उठला. ऐंशीच्या घरातला. तोपिलपासून, म्हणजे कचेरीच्या बिनपगारी शिपायापासून, अध्यक्षापर्यंत गावाची प्रत्येक पायरी चढलेला. जाणत्यांच्या बाकावर पहिला बसतो. त्याला उठायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळे गप्प होतात.

“पोरी, नागरिक जन्माला येत नाही. झाडून होतो. मी मिसरूड फुटायच्या आधी तोपिल झालो. कचेरी झाडली, निरोप पोचवले, दारुडे उचलून कोठडीत टाकले. अनवाणी. मग मला हात मिळाला. फुकट नाही मिळाला. तू काय झाडलंयस?”

मागून कुणीतरी, “मग करा की तिलाच तोपिल! एक पोरगा उत्तरेला सीमेपार पळालाय, जागा रिकामीच आहे!”

हशा. मग थांबेना.

“पँट शिवा तिला!”

“झाडू घरून आणेल!”

“दारुडा उचलताना बघायचंय मला!”

“तूच असशील तो!”

आणि हात वर व्हायला लागले. हसत हसत. एकाचा बघून दुसऱ्याचा. सगळी खोली हातांनी भरली. चिटणीसाने देल्फिनोकडे बघितलं, “लिहू?”

देल्फिनो हसत होता. त्यांच्यातलाच एक होऊन, डोळे पुसत. म्हणाला, “लिहा.”

मी रडत पळून जाईन असं वाटलं असावं त्यांना. मी म्हणाले, “कधीपासून यायचं?”

हशा जरा विरला.

१२ फेब्रुवारी

देल्फिनो आला. टोपी काढून दारात. “ओती, चेष्टा हाताबाहेर गेली. तू नाही म्हण. मी मिटवतो.”

गावाने दिलेलं काम नाकारलं तर नळ तोडतात. मेलं तर खांदा द्यायला येत नाहीत. आणि सभेसमोर पुन्हा कधी तोंड उघडता येत नाही.

“तुझं पाणी मी तोडू देणार नाही,” तो म्हणाला. “शब्द देतो.”

“तुझे शब्द मी लिहिते, देल्फिनो. मला ते देऊ नकोस.”

त्याने टोपी घातली. मग म्हणाला, “तुला कळत नाही, आतून किती अवघड असतं.”

“मग मी आतच येते. झाडायला.”

१९ फेब्रुवारी

तोपिल म्हणून पहिला दिवस. शाळा दुपारची, म्हणून सकाळी उजाडायच्या आत कचेरी. बाकीचे तोपिल माझेच विद्यार्थी. त्यांना माझ्याकडे बघवेना. एक म्हणाला, बाई, तुम्ही बसा, आम्ही झाडतो. म्हटलं, झाडू दे इकडे.

चौकात पाइनच्या सुया पडतात. ओल्या झाल्या की दगडाला चिकटतात. झाडून झालं तर तात आबुन्दियो पायरीवर हजर! काठीने कोपरा दाखवला. मी कोपरा पुन्हा झाडला. दुसरा दाखवला. तोही. मग तो गेला.

उद्याही येणार तो. येऊ दे.

२१ फेब्रुवारी

निरोप घेऊन वरच्या आळीला. गिरणीपाशी दोघे बापे होते. “काय बाई, पगार किती?” “तुझ्या अकलेएवढा.” म्हणजे काहीच नाही, हे त्याला कळायला जरा वेळ लागला. दुसरा हसून खाली बसला.

२५ फेब्रुवारी

कचेरीच्या भिंतीवर देशाची घटना चौकटीत लावली आहे. स्त्री आणि पुरुष कायद्यापुढे समान. काचेवर माश्यांची घाण. पुसली. आता स्पष्ट वाचता येतं.

४ मार्च

तोपिलांनी सभेत दाराशी उभं राहायचं असतं. आतल्या बाजूने. आतल्या! जन्मभर जे आवाज ऐकले त्यांचे चेहरे आज दिसले. जो सर्वांत मोठ्याने बोलतो तो बोलताना गुडघे चोळतो. निम्मे लोक झोपतात.

टाकीच्या दुरुस्तीचा विषय आला. हात वर. मीही केला. चिटणीस बोट दाखवत मोजत आला, माझ्यापाशी थांबला, आणि मला ओलांडून पुढच्या पोरावर गेला.

“माझा राहिला,” मी म्हणाले.

मग सगळे एकदम.

“खाली घ्या हो तो हात!”

“चेष्टेत निवडली होती!”

“असं कसं, असं कसं!”

देल्फिनोने काठी टेबलावर आपटली. “हे नियमात बसतं का ते तपासावं लागेल. राजधानीला विचारून घेतो. पुढच्या सभेपर्यंत—”

तात आबुन्दियो उठायला लागला. सगळे गप्प झाले.

“चेष्टा,” तो म्हणाला. “गावसभेत हात वर करून चेष्टा करतात? कुणी केली? उभा राहा.”

कुणी उभं राहिलं नाही.

“तुम्ही निवडलं. हिने झाडलं. कोपरे मी बघितलेत. जो झाडतो त्याला हात असतो. राजधानीला काय विचारायचंय त्यात? मोजा.”

मोजला.

मला माझा हात खाली घ्यायचं सुचेना. पुढचा विषय सुरू झाला तरी वरच. शेवटी शेजारच्या पोराने हळूच म्हटलं, बाई, झालं.

आणि मी मूर्ख, मला वाटलं, दार उघडलं. लगेच ठराव मांडला. ज्या बायका गावाचं काम करतात त्या सगळ्यांचा हात मोजावा. तात आबुन्दियोने मान हलवली. “नाही. हिचं हिने मिळवलं. त्यांनी झाडलेलं नाही.” त्याला वाकवता येत नाही, कुठल्याच बाजूला.

मतं घेतली. काही हात वर आले. अपेक्षेपेक्षा जास्त, पुरतील एवढे नाहीत. मी मात्र एकाच माणसाकडे बघत होते. अध्यक्षालाही एक हात असतो. त्याचे दोन्ही हात काठीवर होते. एकावर एक. नखं पांढरी पडलेली.

हरलो.

बाहेर पडवीत सेनाइदा किटली घेऊन उभी होती. “तुझा मोजला?”

“मोजला.”

“आमचा?”

मी मान हलवली. तिने मला कॉफी ओतून दिली. हात अजिबात हलला नाही तिचा.

५ मार्च

त्याने विरोध केला असता तर भांडता आलं असतं. त्याने काहीच केलं नाही. काहीच न करणाऱ्याशी कसं भांडायचं?

शहरात रस्त्यावर तंबूत राहत होतो तेव्हा तो म्हणायचा, ‘सत्ता त्यांच्या हातात आहे ना, म्हणून हे असं. एकदा आपल्या हातात येऊ दे, मग बघ.’ आली. बघितलं.

तो वाईट झाला असंही नाही. तसाच आहे. तंबूतही तो इतरांना हसवायचा आणि पातेली मी घासायचे. तेव्हा ते मला क्रांतीचं काम वाटायचं.

दुपारी वर्गात एका मुलीने विचारलं, बाई, तुमचा हात मोजला म्हणजे आता सगळं बदलणार? पूर्वी मी हो म्हणाले असते, आणि फळ्यावर काहीतरी सुंदर लिहिलं असतं. म्हणाले, नाही. वही काढ.

८ मार्च

महिला दिन! भोंग्यावरून देल्फिनोचा आवाज, सगळ्या माता-भगिनींनी कचेरीसमोर जमावं. प्रत्येकीला एक लाल फूल आणि एक प्लास्टिकची बादली. बादलीवर फुलाचं चित्र. बँडही होता.

तोपिल म्हणून बादल्या वाटायचं काम माझ्याकडे! वाटल्या. सेनाइदा रांगेत आली. बादली उलटी करून बुडाकडे बघितलं. “फिदेन्सियोला देऊ का? हजेरीत तोच आहे.”

देल्फिनोने ऐकलं. कानापर्यंत लाल झाला, तरी फुलं वाटत राहिला. एर्मेलिंदालाही एक दिलं. तिने ते घेतलं आणि बादलीत टाकलं, बघितलंही नाही. मग ती चुलीकडे गेली. पंचांचं जेवण राहिलं होतं.

१७ मार्च

तेकियो. वरच्या झऱ्याची वाट साफ करायची. हजेरी घेताना पुकारलं, “फिदेन्सियो!”

कुणी हजर म्हणालं नाही.

पुन्हा पुकारलं. पुरुष आजूबाजूला बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, मेलाय तो. कुणीतरी म्हणालं, गेल्या आठवड्यात तर होता!

सेनाइदा आली नव्हती. आजारी नव्हती. वाटेवरून जाताना तिचं अंगण दिसतं. ती सावलीत बसून मका सोलत होती. सगळ्यांना दिसेल अशी. फावडी घेऊन जाणाऱ्यांना तिने हात हलवून नमस्कारही केला.

दुपारपर्यंत कुरकुर सुरू झाली. तिला काही नाही, मग आम्हाला का? पुढच्या वेळी मीही घरी बसतो.

१८ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

सकाळी चर्चमधून लोक बाहेर पडताना पुरुषांनी देल्फिनोला गाठलं. तेकियो चुकवला की एक रात्र कोठडी. रिवाज आहे. अध्यक्ष आहेस की नाहीस? देल्फिनो घामाघूम. त्याला कुणी कमकुवत म्हटलेलं चालत नाही. तंबूतही चालत नसे. भोंग्यावर गेला. सगळ्या दरीत ऐकू गेलं, ‘नागरिक सेनाइदा, तेकियो चुकवल्याबद्दल एक रात्र कोठडी. तोपिलांनी घेऊन यावं.’

मी खाली चौकात उभी होते. झाडू हातात. नागरिक म्हणाला! सवयीचं वाक्य आहे ते, पुरुषांसाठी बनवलेलं. नाव बदलून म्हणून टाकलं त्याने. आजवर एखाद्या बाईने काही चुकवलं तर तिला समज देतात, तिच्या बापाला नाहीतर भावाला बोलावतात. कोठडीत कुणाला टाकतात? ज्याच्यावर गावाचं काम आहे त्याला. गावाचं काम कुणावर असतं? नागरिकावर.

मला हे कळलं तेव्हा तो अजून भोंग्यापाशीच होता. हाक मारली असती तर ऐकलं असतं त्याने. मी हाक मारली नाही. जानेवारीत मारली असती.

बाहेर येऊन म्हणाला, “बाई, तुम्ही जा.” मुद्दाम मला. धडा म्हणून.

“जाते,” मी म्हणाले.

सेनाइदा दारातच होती. तिने भोंगा ऐकला होता. “तू आलीस? बरं झालं. थांब, टर्की आत घेते.”

टर्की आत घेतल्या. पोरीला शेजारी धाडलं. मग लग्नातली शाल काढली.

“कोमाद्रे, कोठडीत ही शाल?”

“पहिल्यांदा जातेय. नीट जायला नको?”

मी निघाले तर ती जागची हलेना. “दंडाला धर की.”

“कशाला?”

“अशी शेजारी शेजारी चाललो तर लोकांना वाटेल गिरणीवर निघालोत. धर. जरा ओढ.”

धरलं. मधल्या वाटेनेच जायचं म्हणाली, मागच्या नाही. दारादारांत बायका उभ्या. ती प्रत्येकीला सांगत चालली, “तेकियो चुकवला मी! म्हणून!” जत्रेला निघाल्यासारखी. मला हसू येत होतं. तोपिलने हसायचं नसतं. गालाचं आतलं मांस चावून धरलं.

चौकात तात आबुन्दियो बाकावर. “कशाबद्दल?”

“तेकियो चुकवला, तात.”

त्याने काठी दगडावर टेकवली. “चुकवायला तो आधी अंगावर असावा लागतो.”

“होता की, तात,” सेनाइदा म्हणाली. “भोंग्यावर सांगितलं ना.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली. “मग टाका आत. रिवाज म्हणजे रिवाज.”

कोठडी मी दोनदा झाडून ठेवली होती. ती आत बसली, शाल नीट केली. दार लावलं.

दिवस कलताना देल्फिनो आला. कुणीतरी समजावलं असणार त्याला. घाईघाईने, दबक्या आवाजात, “ओती, सोड तिला. चूक झाली.”

पुन्हा ओती.

“काय चूक?”

“तुला माहीत आहे काय ते. बाईमाणसाला असं... लोक काय म्हणतील?”

“हुकूम भोंग्यावरून झाला. रद्दही भोंग्यावरून कर. सांग सगळ्यांना, सेनाइदाला सोडतोय, कारण ती नागरिक नाही. तुझ्या तोंडाने. भाषण लिहून देऊ?”

आतून सेनाइदा, “मला काही घाई नाही हं, अध्यक्ष!”

तो पायरीवर माझ्याशेजारी बसला. पूर्वीसारखा. “तुझा माझ्यावर विश्वासच उरला नाही.”

“नाही.”

“मी अजून देणारच आहे तो हक्क. रस्ता झाला की.”

“देऊ नकोस,” मी म्हणाले. “तू द्यावास असं वाटणं संपलं माझं. फार हलकं वाटतं रे. आधी कळलं असतं तर पाऊसकाळभर चिखल तुडवला नसता.”

त्याला ते राग धरून बोललेलं वाटलं. तो उठून गेला. मी राग धरून बोलले नव्हते.

१९ मार्च

सकाळी कोठडी उघडायला आले तर दारासमोर बायकांची रांग. सगळ्यांत पुढे एर्मेलिंदा. म्हणाली, “पंचांची चूल आज आम्ही पेटवली नाही. गावाचं काम चुकवलं. कोंड.” एकेकीला आत घेतलं. कोठडी भरली, उरलेल्यांना अध्यक्षांच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. देल्फिनो पायरीवर बसून आहे. अजून कुणी त्याला कॉफी दिलेली नाही.